ज्यांचं गेलं, त्यांना विचारा

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. त्या घरच्या मुलांना सण चुकू नये म्हणून शेजारी आणि भावकी फराळाचे डबे नेऊन देतात. ही आपल्याकडची जुनी, न सांगता पाळली जाणारी रीत. १९९३ च्या दिवाळीत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांत ती पाळायला कुणी उरलंच नव्हतं. डबा नेणारं शेजारचं घरही पडलेलं होतं.

दीड महिन्यापूर्वी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, दमून लोक नुकते झोपले होते. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, पेठसांगवी. आठ ते दहा हजार माणसं गेली. आकडा कुठला धरायचा यावर आजही एकमत नाही आणि आम्हाला ते फार बोचतं. गेलेल्यांची मोजणीसुद्धा धड होऊ नये, एवढं ते घडणं मोठं होतं.

भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. एवढ्या भूकंपानं एवढी माणसं का मरावीत? ती घरांमुळे मेली. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून त्यावर दर साली नवी माती पडायची. बाप घालायचा, मग मुलगा घालायचा, आणि छताचं वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत जायचं. उन्हाळ्यात गारवा देणारं, चोराचिलटांपासून राखणारं ते घर लोकांना सगळ्यांत भक्कम वाटत होतं. त्या पहाटे भिंतींचे दगड मोकळे होऊन आत आणि बाहेर ढासळले. कित्येक ठिकाणी खणांचे लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या, आणि माणसं भिंतींच्या ढिगाखाली गेली.

त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण किल्लारीकरांना नकाशा ठाऊक नव्हता, त्यांना जमीन ठाऊक होती. १९९२ च्या उत्तरार्धात तिथे धक्के बसायला लागले होते, एक-दोन नव्हे, अनेक. जमिनीतून आवाज येतात हे लोकांनी सांगितलं होतं. कित्येक जण काही काळ घराबाहेर झोपले. मग धक्के विरळ झाले आणि माणसं आत गेली. मोठा भूकंप येणार असं त्या वेळी कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, आजही सांगता येत नाही. पण भिंती कशा आहेत, छतावर माती किती आहे, एवढं तरी पाहता आलं असतं. ते पाहायला कुणी आलं नाही, याची हळहळ आम्हाला इतक्या वर्षांनीही वाटते.

नंतर मात्र मदतीचा लोट आला, आणि तो खरा होता. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तिथे पोहोचले. जिल्हाधिकारी प्रवीणसिंह परदेशी आणि त्यांच्याबरोबरच्या यंत्रणेनं रात्रंदिवस काम केलं. शांतिलाल मुथा यांनी भूकंपातली १२०० मुलं पुण्याला नेली, त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, आणि त्यातून वाघोलीचं भारतीय जैन संघटनेचं शैक्षणिक संकुल उभं राहिलं. ज्ञान प्रबोधिनीची माणसं हराळीला आली, ती परत गेली नाहीत. तिथल्या माळावर शाळा झाली, शेती झाली. आलेल्या पाहुण्यानं गावकरी होऊन राहावं, याहून मोठी मदत आम्हाला माहीत नाही.

पुनर्वसनात मात्र एक गोष्ट हातून निसटली. ५२ गावं संपूर्णपणे नव्या जागी हलवायचं ठरलं. घर किती चौरस फुटांचं, हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५०, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त जमीनवाल्याला ७५०. म्हणजे मातीनं एका रात्रीत सगळ्यांना सारखं केलं होतं, आणि कागदानं पुन्हा वेगळं केलं. गावं शहरातल्या वसाहतीसारखी आखली गेली, सरळ रुंद रस्ते, एकसारख्या ओळी. ओट्यावरून ओट्यावर चालणारं बोलणं तुटलं. गुबाळमध्ये तर अर्धगोलाकार, घुमटासारखी घरं बांधली गेली. भिंतच गोल असेल तर कपाट कुठे ठेवायचं, देवघर कुठे मांडायचं? हे प्रश्न एखाद्या बाईला आधी विचारले असते तर तिनं मिनिटात उत्तर दिलं असतं. आणि कित्येक माणसं नव्या पक्क्या घरात धान्य ठेवून स्वतः बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत राहिली. स्लॅबखाली झोप लागत नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला ते अडाणीपण वाटलं. ज्यानं छताखालून आपलं लेकरू उकरून काढलं, त्याला छताची भीती वाटणं यात अडाणीपण कसलं?

ज्या गावांत घरं तडकली पण गाव हललं नाही, तिथे वेगळं काही घडलं. सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती मालकांनी स्वतः करून घ्यायची होती, पैसे सरकारकडून टप्प्याटप्प्यानं मिळणार होते. ही माहिती घरोघर पोचवायला प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बाया पुढे आणल्या. त्यांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणत. सुमारे १३०० गावांत हे काम पोचलं. तोवर ग्रामसभेत मागे, पदर सावरून बसणाऱ्या या बाया. त्या आता भिंतीत आरपार दगड बसवला का, कोपरे नीट बांधले का, काँक्रीटचा पट्टा घराच्या चारी बाजूंनी सलग फिरलाय का, हे तपासू लागल्या. गवंड्याला हटकू लागल्या. माळवदाची माती कमी करायला सासऱ्याशी वाद घालू लागल्या. हप्ता अडला तर तहसीलमध्ये जाऊन बसू लागल्या. त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरचं माणूस गेलेलं होतं. दुःख आवरून मग त्या कामाला लागल्या, असं म्हणणं खरं नाही. कामाला लागल्या म्हणून दुःख अंगावर घेऊन उभं राहता आलं, असं आम्हाला वाटतं.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा याच भागातल्या बाया तिकडे गेल्या. भाषा येत नव्हती. पण पडलेल्या घरासमोर बसलेल्या बाईशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे त्यांना येत होतं. घर कसं बांधून घ्यायचं, अनुदानाचा कागद कसा वाचायचा, तेही येत होतं. २००४ च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोचल्या. सोयाबीन आणि ज्वारीच्या रानातल्या बाया कोळणींना आपलं सांगत होत्या. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही पानं नाहीत. ती असायला हवीत, असं आम्ही आग्रहानं म्हणतो.

कारण ती नाहीत म्हणून आपण पुन्हा पुन्हा नव्यानं सुरुवात करतो. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गाडलं गेलं, आणि गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी तशीच दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं, तसं किल्लारीही नकाशात सुरक्षितच होतं. यादी करणाऱ्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण डोंगराला भेग पडली, झऱ्याचं पाणी गढूळ झालं, झाडं कलली, हे सर्वांत आधी त्या वाडीतल्या गुराख्याला आणि पाणी भरणाऱ्या बाईला दिसतं. त्यांचं म्हणणं नोंदवून घेणारी वही तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या टेबलावर असायला हवी, आणि पावसाळ्याआधी ती उघडून वाचली जायला हवी. याला मोठा निधी लागत नाही.

यंदाच्या दिवाळी अंकातला विशेष विभाग म्हणूनच पूर, दरड आणि भूकंप सोसलेल्या माणसांना दिला आहे. तज्ज्ञांचे लेख आहेत, पण ते मागे आहेत. पुढची पानं ज्यांचं गेलं त्यांची आहेत, त्यांच्याच बोलीत. वाक्यं आम्ही सारखी केलेली नाहीत. वाचताना कुठे अडखळलात तर परत वाचा, ही विनंती.

तुमच्या आळीत यंदा कुणाच्या घरी फराळ होणार नसेल, तर अंक वाचायला घेण्याआधी तिकडे डबा पोचवून या.