बिनखिडकीचे न्हाणीघर आणि बुरशी

आषाढ लागला, की बेळगावातील जुन्या गल्ल्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. न्हाणीघराच्या कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागतात, कुबट वास सुटतो; घासूनपुसून काढावे, तर पंधरवड्यात पुन्हा तेच! दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्यामुळे या घरांतील न्हाणीघरे मधल्या भागात कोंडली गेली. तेथे खिडकीला जागाच उरली नाही.

बुरशीला आपले अन्न तयार करण्यासाठी सूर्यप्रकाश लागत नाही. तिची सूक्ष्म बीजे हवेत सदैव असतात. त्यांना हवी असते ती केवळ ओल आणि साबणाचा वा मळाचा थोडासा थर. म्हणून बीजांचा समूळ नाश करण्याचा हट्ट व्यर्थ आहे. ओल हटविणे मात्र आपल्या हाती आहे. भिजलेला पृष्ठभाग एक-दोन दिवसांच्या आत पूर्ण कोरडा झाला, तर बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही.

प्रथम ओल कोठून येते ते पाहावे. एकच डाग सदैव ओला राहत असेल आणि सुटीत घर बंद असतानाही वाळत नसेल, तर भिंतीतील नळ किंवा वरचे छत गळत असण्याचा संभव अधिक. अशा वेळी गवंड्याला बोलवावे, रंगाऱ्याला नव्हे. ओल्या भिंतीवर तैलरंग चढविला, तर ओल आत कोंडते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

गळती नसेल, तर दोष स्नानाच्या वाफेचा. ती बाहेर घालविण्यासाठी पंखा हवा. पण त्याचे तोंड माळ्यावर वा स्वयंपाकघरात न काढता नळीवाटे थेट बाहेर काढावे. न्हाणीघरातील हवा तासाला आठ वेळा बदलावी, असा सामान्य ठोकताळा आहे. ६ फूट लांब, ५ फूट रुंद व ९ फूट उंच न्हाणीघरात २७० घनफूट हवा मावते. म्हणजे पंख्याने तासाला २,१६० घनफूट, अर्थात सुमारे ६१ घनमीटर हवा खेचली पाहिजे. दाराखाली बोटभर फट ठेवावी. नवी हवा आत येणार नसेल, तर जुनी बाहेर कशी जाणार? स्नानानंतर पंखा अर्धा तास चालू ठेवावा. भिंती व फरशी फडक्याने निपटाव्यात आणि ओले कपडे तेथे वाळत घालू नयेत.

आलेली बुरशी काढताना नाकातोंडावर फडके बांधावे. कोरडी बुरशी खरवडू नये. ती आधी ओली करावी, म्हणजे बीजे उडत नाहीत. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासून, धुऊन, भिंत कोरडी करावी. ब्लीचिंग पावडर वापरायची असल्यास तिच्यात संडास धुण्याचे आम्ल कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जुन्या चुन्याच्या भिंतीला ताज्या चुन्याची सफेदी उत्तम. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी रुजत नाही. हवेच्या संपर्काने हा गुण कालांतराने ओसरतो. दरवर्षी सफेदी करण्याची आपल्या वाडवडिलांची रीत म्हणूनच शहाणपणाची होती.

घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल वा वृद्ध माणूस असेल, तर हे काम पुढे ढकलू नये. बुरशीच्या बीजांनी दमा बळावतो. ज्याला दमा आहे त्याच्याकडून ही साफसफाई करवूही नये.

याहून गंभीर गोष्ट शेवटी सांगतो. जे न्हाणीघर वाफ कोंडते, ते विषारी वायूही कोंडते. अशा जागी गॅसचा गीझर कधीही बसवू नये. प्राणवायू अपुरा पडला, की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस हाक मारण्यापूर्वीच शुद्ध हरपतो. पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून आत केवळ गरम पाण्याचा नळ आणावा. भिंतीवरचा काळा डाग निदान डोळ्यांना दिसतो. हा शत्रू दिसत नाही. वाचकहो, तेव्हा आजच आपले न्हाणीघर एकदा या दृष्टीने पाहून घ्यावे.