नदीकाठचा मुक्काम कोणाचा?

रोहिणखेडच्या कास्तकाराला नदीकाठी मुक्काम करण्याची हौस परवडत नाही, असे आपण गृहीतच धरतो. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर, शासनाने ज्ञानेश्वर उद्यान उभारले, तेव्हा हे गृहीत काही काळ तरी मोडले. हिरवळीवर शिदोरी सोडून बसलेली खेड्यांतली कुटुंबे मी तेथे पाहिली आहेत.

मावळात आज पवना धरणाकाठी रात्रीच्या भाड्याने तंबू मिळतात. त्या पाण्याखाली शेते गेली ती ‘सार्वजनिक हिता’साठी. याच धरणाच्या बंद नळवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. तंबू चालवणाऱ्यांत स्थानिक तरुणही आहेत. माझा रोष त्यांच्यावर नाही. मात्र काठावरची सरकारी जमीन धरणग्रस्तांच्या सहकारी संस्थांकडेच सोपवावी आणि दर माफक ठेवावेत, एवढी मागणी आपण का करू नये? उद्यानांच्या देखभालीला तिजोरीत पैसा नाही, ही सबब तर जुनीच आहे.

आमच्या मोताळा तालुक्यात नलगंगेचे धरण आहे. तेथे एक साधे यात्रीनिवास असावे; रोहिणखेडच्या शाळकरी पोरांना एक रात्र पाण्याकाठी काढता येईल.