इंग्रजी कुणाच्या बापाची?

बाजारात एक नवं जानवं आलंय. त्याचं नाव फाडफाड इंग्रजी. शिपिंगच्या हापिसात नाहीतर कॉल सेंटरात मुलाखतीला जा. काम येतं का, हे नंतर विचारतात, आधी उच्चार ऐकतात. तोंडून 'इस्कूल' निघालं की पोरगा बाद! वर सांगतात काय, तर आमचा धंदा जगाशी आहे, जगाची भाषा पाहिजे.

जगाची भाषा? चला, दर्यावर जाऊन बघू. खलाशी फिलिपिनो, इंजिनियर युक्रेनचा, मालक ग्रीक, झेंडा पनामाचा. ह्यातल्या कुणाची आई इंग्रजी बोलते? तरी बोट धक्क्याला लागते, माल उतरतो. त्यांची इंग्रजी लंडनची नाही, कामाची आहे.

भाषा कळली नाही तर काय होतं, तेही दर्यानं बघितलंय. ७ एप्रिल १९९० ला 'स्कँडिनेव्हियन स्टार' बोटीला आग लागली. १५९ माणसं मेली. कारणं अनेक होती. त्यातलं एक हे, की खलाशांना एकमेकांची आणि प्रवाशांची भाषा कळत नव्हती.

२००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं बोटींसाठी ठरीव इंग्रजी वाक्यं मंजूर केली. नियम साधे. १५० म्हणायचं तर 'वन-फाइव्ह-झीरो', एकेक आकडा सुटा. हा प्रश्न आहे का इशारा, ते आधीच सांगायचं. 'मे', 'माइट', 'शुड' टाळायचे, कारण त्यांचे दोन-दोन अर्थ निघतात. 'मे' म्हटलं तर परवानगी मागतोय, का शक्यता सांगतोय?

आता नीट बघा. हे शिकायचं एकट्या फिलिपिनोनं नाही, लिव्हरपूलच्या गोऱ्या कप्तानानंसुद्धा. आईच्या दुधातून इंग्रजी मिळाली म्हणून त्याला सूट नाही. त्यानंही आपली नक्षी गुंडाळून ठेवायची आणि समोरच्याला कळेल असं बोलायचं. पाणवठा सामायिक म्हणजे वाकायचं एकट्यानंच, असं नसतं.

गोदीत माल खाली सोडताना 'आरिया' म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज. तो उच्चारताना कुणी कुणाचं व्याकरण तपासलं नाही. हूक वेळेवर खाली आला, संपलं.

मग दर्यावरचा कायदा हापिसाच्या दारात का मरतो? कारण तिथं भाषा कळवायची नसते, माणूस गाळायचा असतो. जात उघड विचारता येत नाही, म्हणून उच्चार विचारतात.

म्हणून काय इंग्रजी सोडायची? सोडा म्हणून सांगणाऱ्याची पोरं कॉन्व्हेंटात आहेत. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली इंग्रजीतच छापलं. आपण ती सोडणार नाही, हिसकून घेणार.

पण आपल्या अटींवर. परीक्षा उच्चाराची नको, समजण्याची घ्या. जहाल मालाचे इशारे इंग्रजीत लावा, तसेच ते उचलणाऱ्याच्या भाषेतही लावा. आणि साहेब, फाडफाड बोलणाऱ्यांनो, साधं बोलायला तुम्हीपण शिका. तुमचं बोलणं कळलं नाही, तर दरवेळी नापास आम्हीच का?