मिर्झा फालुदा आणि मंडळी

रविवारी जुहरची नमाज आणि जेवण आटोपलं की गेला महिनाभर आमच्या बाहेरच्या खोलीत पाच-सहा पोरं सतरंजीवर गोल करून बसतात. पुण्याला शिकणारा आमचा भाचा सुट्टीला आला आहे, त्यानं हा खेळ आणला. नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. याला पट लागतोच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि तलवारीचा वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

फासा पाहताच आमच्या अम्मी दचकल्या. पैज नाही, पैसा नाही, हे सांगूनही त्यांचं मन मानेना. मग भाच्यानंच तोड काढली. १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला होता, तेव्हा कंपनीनंच खेळाच्या खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेल्या चिठ्ठ्या घातल्या होत्या म्हणे. तेव्हापासून आमच्याकडे स्टीलच्या वाडग्यातून चिठ्ठी निघते, आणि अम्मीही तसबीह हातात घेऊन लांबून ऐकत बसतात.

आमची धाकटी जादूगार झाली आहे. नाव मिर्झा फालुदा बेग. वरच्या मजल्यावरच्या बहीण-भावंडांपैकी एक हकीम हळद, दुसरा सरदार कांदाफोड. आम्ही म्हटलं, अरे, अजगराशी लढायला निघालेल्या माणसाचं नाव फालुदा? भाचा म्हणाला, “मामू, ही तर खेळाच्या जन्मापासूनची रीत आहे.” आणि मग त्यानं जे सांगितलं ते आम्हांला फार आवडलं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स विमा कंपनीत नोकरीला होते. ती सुटल्यावर घराच्या तळघरात बूट-चपला दुरुस्त करून त्यांनी संसार ओढला. डेव्ह अर्नेसन यांच्यासोबत त्यांनी हा खेळ रचला आणि १९७४ साली बाजारात आणला. पहिल्या प्रती फक्त १,०००. पण त्याआधी तो खेळून पाहिला घरच्याच मुलांनी, अर्नेस्ट आणि एलिस यांनी. अर्नेस्टनं आपल्या नावाची इंग्रजी अक्षरं मागंपुढं केली आणि त्याचा जादूगार झाला ‘टेन्सर’. धाकट्या ल्यूकचं पात्र होतं एल्फ, म्हणजे परीकथांतल्या लांब कानांच्या जमातीतलं. नाव काही सुचलेलं नव्हतं. कागदावर पुरुष म्हणून ‘एम’ आणि जमात म्हणून ‘एल्फ’ एवढंच लिहिलेलं, ते एकत्र वाचलं आणि झाला ‘मेल्फ’! जिम वॉर्ड नावाच्या खेळाडूनं आपलं नाव सरळ उलटं लिहिलं, ते झालं ‘ड्रॉमिज’. खुद्द गायगॅक्स यांनीही आपलं आडनाव उलट्या बाजूनं उच्चारलं आणि ‘झॅगिग’ हे नाव एका वेड्या महाजादूगाराला देऊन टाकलं.

पोराटोरांची ही थट्टा, पण ती छापली गेली. आजही नियमांच्या पुस्तकात मेल्फचा तेजाबी बाण आहे, ५०० पौंड वजन वाहणारी टेन्सरची तरंगती तबकडी आहे. ड्रॉमिजच्या मंत्रानं लांब ठेवलेली वस्तू क्षणात हातात येते. (चष्म्यासाठी हा मंत्र आम्हांला रोज लागेल.) जगभरातली मुलं ही नावं गंभीर चेहऱ्यानं घेतात, आणि त्यामागं एका घरातली हसाहशी आहे हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या आमच्या भाच्यानं दुसऱ्याच रविवारी घोळ घातला. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा खेळायला येतो. अंगानं जरा भरलेला, बोलायला कमी. भाच्यानं गोष्टीत एक गॉब्लिन आणला, गुहेत राहणारा छोटा राक्षस. नाव ठेवलं गोलगप्पा. त्याचं डुलत चालणं, धाप लागणं, बोलताना अडखळणं, सगळं हुबेहूब त्या मुलाचं. सगळे हसले. तो मुलगाही हसला, सर्वांत मोठ्यानं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. पोट दुखतंय, असा त्याच्या अम्मींचा निरोप होता. रात्री धाकटीनं आम्हांला सांगितलं, जिन्यात भेटला तेव्हा त्यानं विचारलं होतं, “तो गोलगप्पा पुढच्या वेळी मरेल का गं?”

आम्ही भाच्याला बोलावलं. रागावलो नाही. एवढंच विचारलं, मेल्फ, टेन्सर, ड्रॉमिज, झॅगिग, यांतलं कुठलं नाव दुसऱ्याच्या अंगावर हसण्यासाठी ठेवलेलं होतं? तो गप्प झाला. अम्मी आतून म्हणाल्या, “सूरह हुजुरातमध्ये टोपणनावांबद्दल काय आलंय, ते आठवतं का विचार त्याला.” त्याला आठवत होतं. मान खाली घालून तो तसाच चपला घालून बाहेर पडला. त्या घरी काय बोलणं झालं ते आम्हांला माहीत नाही, आम्ही विचारलंही नाही. परत यायला मात्र त्याला दीड तास लागला.

चौथ्या रविवारी तो मुलगा आला. येताना आपल्या पात्राचा नवा कागद घेऊन आला होता, वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: पैलवान पापड. “कारण मी पापडासारखा मोडतो,” असं त्यानं स्वतःच सांगितलं, आणि पोरं पोट धरून हसली. हे हसणं आम्हांला आतल्या खोलीतही वेगळं ऐकू आलं.

तो गॉब्लिन पुन्हा आलाच. वाडग्यातून पापडची चिठ्ठी निघाली, वीसची. याहून मोठा आकडा नाही. अम्मींनी तसबीह थांबवून विचारलं, “मेला का तो मेला?”

“नाही दादी, शरण आला,” धाकटी म्हणाली. “पण त्याचं नाव आता गोलगप्पा नाही.”

भाच्यानं त्याला नवं नाव दिलं होतं, काहीतरी अवघड, परदेशी वाटणारं. धाकटीनं ते वहीत लिहिलं, पाच मिनिटं त्याकडं बघत बसली, मग उलटीकडून वाचलं आणि ओरडली, “अरे, हे तर भाईजानचंच नाव!”