‘किंवा’चे मोल

कायद्याचा मजकूर वाचताना लहान शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. भारतीय दंड संहितेच्या कलम 302 मध्ये खुनासाठी मृत्युदंड ‘किंवा’ जन्मठेप अशी तरतूद होती. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केल्यास लागू होणाऱ्या कलम 303 मध्ये मात्र हा ‘किंवा’ नव्हता. तेथे मृत्युदंड अटळ होता. परिस्थिती तोलण्याचे न्यायाधीशाचे कामच त्यामुळे संपले होते. मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली ते कलम घटनाबाह्य ठरवले.

याउलट, पश्चिम बंगालच्या 1950 च्या विशेष न्यायालय कायद्यात ‘किंवा’ मोकाट होता. कोणते गुन्हे किंवा कोणते खटले विशेष न्यायालयाकडे पाठवायचे, हे सरकारच्या मर्जीवर होते. अन्वर अली सरकार खटल्यात, 1952 साली, ती तरतूद अनुच्छेद 14 मधील समानतेच्या कसोटीवर टिकली नाही. ‘शीघ्र सुनावणी’ एवढे उद्दिष्ट निवडीचा निकष होऊ शकत नाही, असे बहुमताचे मत पडले.

पीडितांना न्याय लवकर मिळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. तरीही माझ्या मते, प्रत्येक कठोर कायद्याला आपण दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: निवड कोण करतो, आणि कोणत्या निकषावर?