अग्निसुरक्षेचा दाखला देणाऱ्याची पात्रता

दि. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी १ मे रोजी आपल्या बडोद्यापासून फारशा दूर नसलेल्या भरूचच्या कोविड रुग्णालयात अठरा जण गेले; त्यांत दोन परिचारिका होत्या. नोव्हेंबरात भोपाळ आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाशी, पुन्हा नवजात बालकांचेच कक्ष. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर आपण विचारतो, रुग्णालयाकडे दाखला होता का? तो देणाऱ्याला नवजात कक्ष म्हणजे काय हे ठाऊक होते का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

माझ्याच रुग्णालयाचा अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी नूतनीकरणाच्या वेळी एका संस्थेचा माणूस पाहणीस आला. त्याने फायर एक्स्टिंग्विशर मोजले, त्यांवरील तारखा पाहिल्या, जिन्यातील पाट्या तपासल्या. नवजात कक्षात शिरायचे तर चपला काढून हात धुवावे लागतात. त्याने काचेतूनच डोकावून आत सर्व ठीकच असणार असे सांगितले आणि कागद पुढे केला. मी सही केली. भंडाऱ्याची बातमी वाचल्यावर मी स्वतः हिंडून पाहिले, तेव्हा मागील दाराला कुलूप होते, किल्ली हिशेबनिसाच्या टेबलाच्या खणात होती, आणि प्राणवायूच्या नळीचा व्हॉल्व्ह कोठे आहे हे रात्रपाळीच्या सिस्टरला सांगता आले नाही. दोन वॉर्मर आणि एक फोटोथेरपी दिवा एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालत होते. दाखल्याच्या कागदात यातील एकही गोष्ट नव्हती.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवतो. नवजात कक्ष म्हणजेही लहान आकाराचे कार्यालय नव्हे. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांहून वाढले की गादी, कापूस, प्लास्टिकच्या नळ्या भराभर पेटतात. वॉर्मर अहोरात्र चालू असतात. वातानुकूलन यंत्रणेतून धूर दुसऱ्या खोल्यांत पोहोचू शकतो. रुग्ण स्वतः पळू शकत नाही. एक सिस्टर एका वेळी फार तर दोन बाळे उचलील, आणि व्हेंटिलेटरवरील बाळाला हाताने श्वास देत न्यावे लागते. म्हणून जिन्याने खाली धावण्यापेक्षा त्याच मजल्यावरील धूररोधक भिंतीपलीकडे नेण्याची सोय आधी पाहावी लागते. कापडाच्या दुकानाची पाहणी उत्तम करणाऱ्यालाही हे आपोआप कळेलच असे नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैमध्ये प्रमाणपत्र घ्यावे लागते. गुजरातेत २०१३ चा कायदा आहे. परंतु यंत्रणा बसवणे किंवा तिची देखभाल करणे हे एक कौशल्य झाले, धोका ओळखणे हे दुसरे. शिवाय उपकरणे पुरवणाऱ्यानेच प्रमाणपत्र द्यावे, ही व्यवस्था मला तरी औषधविक्रेत्याने रोगनिदान करण्यासारखी वाटते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे गेली. त्या चौकशीच्या २०२४ च्या अहवालात, इमारतीच्या धोक्याचे मूल्यमापन करणाऱ्याने आपली पात्रता व अनुभव फुगवून सांगितल्याचे नमूद आहे. अशा मूल्यमापकांना मान्यता घेणे कायद्याने सक्तीचे करावे, अशी शिफारसही त्यात आहे.

दहा खाटांच्या नर्सिंग होमवर आणखी एक जाच कशाला, असे काही व्यवसायबंधू म्हणतील. कागदांचा कंटाळा मलाही आहे. पण आपल्या नावापुढील पदवीची नोंदणी आपण निमूटपणे करतोच की! मूल्यमापकाने रुग्णालयांचा किती अनुभव घेतला आहे आणि स्वतःला न समजणाऱ्या भागासाठी तो तज्ज्ञ बोलावतो की नाही, हे लेखी मागण्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या मंडळाने विद्युत अभियंता, भूलतज्ज्ञ आणि एक अनुभवी सिस्टर यांच्याकडून प्रश्नावली करून घेतली तर छोट्या रुग्णालयांचीही सोय होईल.

माझ्याकडील पुढच्या पाहणीसाठी मी रात्री दहाची वेळ मागितली आहे. त्या वेळी कक्षात दोनच सिस्टर असतात.