व्हिसा कोणाचा : मजुराचा की मालकाचा?

युरोपातील राष्ट्रांनी आपापसांतील सीमा पुसून टाकल्या, तेथे माणूस एका देशातून दुसऱ्या देशात सहज जातो, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. मोझेल नदीकाठच्या शेंगेन या लक्झेंबर्गमधील खेड्यात १४ जून १९८५ रोजी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच राष्ट्रांनी करार केला. २६ मार्च १९९५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि आज २९ देश त्या व्यवस्थेत आहेत. अलीकडच्या वर्षांत जर्मनीसारख्या राष्ट्रांनी सीमेवरील तपासणी ‘तात्पुरती’ म्हणून पुन्हा आणली, हे खरे. तरीही या कौतुकात तथ्य आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. ज्या सीमांपायी एका शतकात दोनदा कोट्यवधी माणसे मारली गेली, त्या सीमांवरचा पहारा उठावा ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु कोणत्याही स्वातंत्र्याचा गौरव ऐकला की समाजवाद्याने पहिला प्रश्न विचारावयाचा असतो तो हा की, हे स्वातंत्र्य कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर युरोपीय न्यायालयाच्या दप्तरातच नोंदलेले आहे. १९८९ साली ब्रुसेल्समधील व्हँडर एल्स्ट या कंत्राटदाराने फ्रान्समधील रँस शहरात एक इमारत पाडण्याचे काम घेतले. त्याने तेथे पाठविलेल्या आठ कामगारांपैकी चार बेल्जियन होते आणि चार मोरोक्कोचे. हे मोरोक्कन कामगार बेल्जियममध्ये कायदेशीरपणे राहत होते; त्यांच्याजवळ बेल्जियमचे कामाचे परवाने होते आणि ब्रुसेल्समधील फ्रेंच वकिलातीतून त्यांनी महिनाभराचा व्हिसाही घेतलेला होता. तरीही फ्रान्सच्या कामगार-निरीक्षकांनी हरकत घेतली. फ्रान्समध्ये काम करण्याचा फ्रेंच परवाना या चौघांजवळ नव्हता. कंत्राटदारास दंड झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

९ ऑगस्ट १९९४ रोजी निकाल लागला तो कंत्राटदाराच्या बाजूने. सेवा पुरविण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे आणि त्याच्या कामगारांसाठी निराळा परवाना मागणे हा त्या स्वातंत्र्यातील अडथळा आहे, असे न्यायालयाने ठरविले. हे कामगार फ्रान्सच्या श्रमबाजारात शिरू पाहत नाहीत, काम आटोपताच ते परत जाणार आहेत, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. वरवर पाहता हा कामगारांचाच विजय वाटेल. पण नीट पाहा. त्या चौघांपैकी एखाद्याने दुसऱ्याच दिवशी, त्याच शहरात, तीच हत्यारे घेऊन स्वतःहून कामाला लागावयाचे ठरविले असते, तर या निकालाचा त्याला तसूभरही आधार मिळाला नसता. मालकाने पाठविला तेव्हा तो ‘सेवा’ होता. स्वतःच्या पायांनी आला असता तर बेकायदा ठरला असता. मालकाची अवजारे ज्या हक्काने सीमेपलीकडे गेली, त्याच हक्काने हे चार मोरोक्कन गेले. त्यात त्यांचा स्वतःचा हक्क कोणता?

हे एकच उदाहरण असते तर त्याला अपवाद म्हणता आले असते. पण तुर्कस्तानच्या कामगारांची कहाणी तोच धडा देते. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. खाणी आणि कारखाने चालविण्यास माणसे हवी होती, तोवर दरवाजा उघडा होता. तेलसंकटाची चाहूल लागताच २३ नोव्हेंबर १९७३ रोजी भरती बंद झाली आणि १९८० साली तुर्की नागरिकांवर व्हिसा लादला गेला. पुढे दोन तुर्की ट्रकचालक न्यायालयात गेले. ते एका तुर्की वाहतूक कंपनीचा माल जर्मनीत पोहोचवीत असत. १९ फेब्रुवारी २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की, तुर्कस्तानबरोबरच्या करारपूरक मसुद्यानुसार १ जानेवारी १९७३ नंतर सेवास्वातंत्र्यावर नवे निर्बंध घालता येत नाहीत. सबब कंपनीची सेवा पुरविण्यासाठी येणाऱ्या या चालकांकडे व्हिसा मागता येणार नाही. न्याय झाला म्हणावयाचा. परंतु चार वर्षांनी, २४ सप्टेंबर २०१३ रोजी, जर्मनीत राहणाऱ्या सावत्र वडिलांस भेटू इच्छिणाऱ्या एका तुर्की मुलीचा खटला त्याच न्यायालयापुढे निकालात निघाला. जर्मनीत येऊन आपणही तेथील सेवा घेणारच आहोत, तेव्हा तोच नियम आपल्यालाही लागू करावा, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. सेवा पुरविणारा आत येईल. सेवा घेण्यासाठी येणाऱ्यास तो हक्क नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. कंपनीचा माल वाहणारा चालक व्हिसाविना जाऊ शकतो. बापाला भेटू पाहणारी मुलगी जाऊ शकत नाही. यात न्यायाधीशांचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर असलेला कायदा व्यापाराच्या स्वातंत्र्यातून जन्मलेला आहे आणि त्या कायद्याला माणूस दिसतो तो व्यापाराच्या खिडकीतूनच.

ज्याच्या मागे मालक उभा नाही, अशा सामान्य अर्जदाराची स्थिती काय होते तेही पाहू. शेंगेन व्हिसाचे शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये ६० युरोंवरून ८० युरो झाले आणि ११ जून २०२४ पासून ९० युरो झाले. आपल्याकडील अनेक शेतमजुरांची महिनाभराची कमाई त्यात जाईल. अर्ज स्वीकारण्याचे काम बऱ्याच ठिकाणी खाजगी कंपन्यांकडे सोपविलेले आहे. त्यांची फी वेगळी, आणि ती सर्वसाधारणपणे शुल्काच्या निम्म्यापर्यंत आकारता येते. त्यावर किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, राहण्याच्या सोयीचा पुरावा आणि पुरेसा पैसा असल्याचा पुरावा. एवढे करूनही, अर्जदार मुदतीत परत जाईल की नाही याविषयी वाजवी शंका आहे, एवढ्या कारणावरून अर्ज नाकारता येतो आणि शुल्क परत मिळत नाही. २०२४ मध्ये सुमारे १ कोटी १७ लाख अर्ज आले. त्यांपैकी ढोबळमानाने दर सातांमागे एक नाकारला गेला.

आता ही ‘वाजवी शंका’ कोणाविषयी घेतली जाते? ज्याची पक्की नोकरी आहे, घर स्वतःच्या नावावर आहे, बँकेत शिल्लक आहे, तो परत येणार असे मानले जाते. ज्याच्याजवळ हे काहीच नाही, त्याच्या शब्दाला किंमत नाही. इंग्रजी राजवटीत १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी मताधिकार दिला तो मालमत्ता, कर वा शिक्षण यांच्या अटीवर. भूमिहीनाला राज्यकारभाराची काळजी कशी असणार, असा त्यामागचा तर्क होता. तो तर्क आपण १९५० साली राज्यघटनेने गाडला. व्हिसाच्या अर्जात तो अजून जिवंत आहे : ज्याची मालमत्ता नाही त्याला आपल्या घराची, आईबापांची, मुलाबाळांची ओढ कशी असणार?

आणि मालमत्ता पुरेशी मोठी असेल, तर परत जाण्याचा प्रश्नच कोणी विचारीत नाही. पोर्तुगालने २०१२ मध्ये आणि ग्रीस व स्पेन यांनी २०१३ मध्ये, पैसे गुंतविणाऱ्यास राहण्याचा परवाना देणाऱ्या योजना काढल्या. ग्रीसमध्ये सुरुवातीस अडीच लाख युरोंची स्थावर मालमत्ता घेणे पुरेसे होते. असा परवाना हाती आला की शेंगेनमधील इतर देशांतही अल्प मुदतीसाठी व्हिसाविना फिरता येते. माल्टाने तर नागरिकत्वच विक्रीस काढले. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने ती योजना बेकायदेशीर ठरविली. स्पेनने आपली योजना एप्रिल २०२५ मध्ये बंद केली, आणि त्यामागे घरांच्या किमतींमुळे हैराण झालेल्या सामान्य जनतेचा असंतोष होता हे लक्षात घ्यावे. धनिकासाठी उघडलेल्या दाराची किंमत तेथील भाडेकरूने मोजली होती.

आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतील, हा पासपोर्टधाऱ्यांचा प्रश्न आहे. ज्याला गावाहून तालुक्याला जाण्याचे एस.टी.चे भाडे परवडत नाही त्याचा याच्याशी काय संबंध? तर दुसरीकडे युरोपातील काही कामगारनेतेही म्हणतात की परका मजूर आला की मजुरी घसरते, म्हणून दार बंदच बरे. दोन्ही मते तपासून पाहिली पाहिजेत.

दुसऱ्या मताला उत्तर दिले ते ट्रकचालकांनीच. मार्च २०२३ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन या महामार्गावरील थांब्यावर सुमारे साठ चालकांनी आपल्या गाड्या उभ्या केल्या. ते मुख्यतः जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे, मालक पोलंडमधला, माल पश्चिम युरोपातील कारखान्यांचा. त्यांची मजुरी थकलेली होती. ७ एप्रिल रोजी मालकाने गाड्या ताब्यात घेण्यासाठी खाजगी सुरक्षादलाची माणसे आणली. पोलिसांना मध्ये पडावे लागले. चालक हटले नाहीत. जर्मन आणि डच कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि एप्रिलअखेर सुमारे तीन लाख युरोंची थकबाकी मालकास चुकती करावी लागली. मजुरी कोण घसरवीत होता? उझबेक चालक नव्हे. ज्याचा राहण्याचा कागद मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, असा कामगार मिळविण्याची सोय मजुरी घसरविते. तो कामगार मोकळा झाला, संघटित झाला, की जर्मन चालकाच्या मजुरीवरील दडपणही कमी होते. दार बंद केल्याने हे साधत नाही. चोरवाट तेवढी वाढते आणि चोरवाटेने आलेला कामगार सर्वांत स्वस्त पडतो.

पहिल्या मताला उत्तर देण्यासाठी युरोपात जावयास नको. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्यास कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. दहा हजार युवकांना जर्मन भाषा शिकवून पाठविण्याची योजना त्यातून निघाली. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. जाणारे तरुण कोण? आयटीआयमधून बाहेर पडलेले वीजतंत्री, परिचारिका, वाहनचालक. म्हणजे आपल्याच वस्त्यांतील मुलेमुली. त्यांना जाऊ नका असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. येथे काम न देऊ शकणाऱ्या व्यवस्थेला तर मुळीच नाही. परंतु ‘पुरवठा’ हा शब्द धान्याला आणि कोळशाला शोभतो. माणसाचा पुरवठा करावयाचा असेल तर तो कोणत्या अटींवर, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

म्हणून पुढील मागण्या आपण ठामपणे मांडल्या पाहिजेत. कामाचा परवाना कामगाराच्या नावाने असावा आणि मालक बदलण्याचा हक्क त्यास पहिल्या दिवसापासून असावा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सुधारित निर्देशाने मालक बदलण्याचा हक्क मान्य केला आहे, पण पहिल्या मालकाकडे सहा महिन्यांपर्यंत बांधून ठेवण्याची मुभाही राष्ट्रांना दिली आहे. ती मुभा काढून टाकावी. एका देशात कायदेशीरपणे काम करणाऱ्यास दुसऱ्या सदस्य देशात नव्वद दिवस नुसते फिरण्याची परवानगी पुरेशी नाही, काम शोधण्याचीही असावी. नाकारलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळावे, कारणे स्पष्ट लिहून द्यावीत आणि अपील अर्जदाराला आपल्या देशातून, परवडेल अशा खर्चात करता यावे. आईबाप वा मुले भेटीस येणार असतील तर तेथील कामगाराची हमी पुरेशी मानावी. आणि महाराष्ट्र शासनाच्या कराराच्या अटी मराठीतून जाहीर व्हाव्यात, भरतीचा सर्व खर्च मालकाने सोसावा, आणि वाटाघाटींत कामगार संघटनांना स्थान मिळावे.

यांपैकी अखेरची मागणी तर येथेच, आपल्या बळावर लढता येण्याजोगी आहे. ज्या तालुक्यात अशा प्रशिक्षणाचे वर्ग सुरू आहेत, तेथील साथींनी त्या तरुणांची गाठ घ्यावी. करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते त्यांच्याबरोबर बसून वाचावे. मालक बदलता येतो काय, एजंटाने किती पैसे घेतले, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, हे प्रश्न त्यांच्याबरोबर विचारावेत. जेथे ते जाणार तेथील कामगार संघटनेचा पत्ता त्यांच्या खिशात घालून मगच त्यांना निरोप द्यावा. ग्रेफेनहाउझेनच्या चालकांची थकबाकी वसूल झाली ती व्हिसाच्या बळावर नव्हे. ते साठजण एकत्र उभे राहिले आणि परक्या देशातील कामगार त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले, म्हणून ती वसूल झाली.